कुडव

केप्यातलं पुरसोमामाचं दुकान म्हणजे
खाली शेणानं सारवलेली जमीन, वर मंगळुरी कौलं
आणि मधल्या हवेत टांगलेलं अर्धं जग:
काथ्याच्या दोरांची वेटोळी, बैलांच्या गळ्यातल्या घाटी,
गवतात गुंडाळलेल्या कंदिलाच्या काचा,
सुपं, रोवळ्या, पाडेल्याचा कोयता
आणि तो कमरेला अडकवायचा लाकडी आकडा.
मी तेव्हा बारा वर्षांचा.
काम एवढंच, की काठीनं हवं ते खाली उतरवायचं
आणि भाव ऐकून गिऱ्हाईक उठलं की परत वर.

अंधारातही मला दुकान सापडे.
नव्या फाळांना भट्टीचा वास,
रॉकेलच्या डब्याला मामाच्या धोतराचा
(की उलट).

काइतान मेस्त खिळे घेई ते मोजून नव्हे,
मुठीत खुळखुळवून.
"हे गाणारे नकोत, मुके दे," म्हणे.
मुके कुठले, ते मला अजून कळलेलं नाही.
कचेरीतला कारकून पावती मागे.
बाकी साऱ्यांची पावती
मामाच्या कानामागच्या पेन्सिलीत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मामा जेवायला गेलेला.
मला वाटलं, काही शहाणपण करून दाखवावं.
मापाचा पितळी कुडव घेतला,
चिंच, राख, वर कढत पाणी,
घासघासून त्याचं सोनं केलं
आणि दारातल्या काळ्या धोंड्यावर
उन्हात पालथा घातला.
घटकेनं उचलला, तर धोंड्यावर
एक पिवळी चकती.
मेण. बोटभर जाड.

समोर देवकू वेळीप, रिवणच्या डोंगरातून आलेली,
डोकीवर नारळांची पाटी तशीच.
तिनं चकतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पाटी उतरवली,
कुडवात आडवी बोटं धरून तळ गाठला.
"आठ बोटांचो आशिल्लो," म्हणाली,
"आतां णव जालो."

मामा आला. चिडला नाही.
चकती कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवली,
पाडव्याचं नाणं ठेवतात तशी.
देवकूचे उकडे तांदूळ मापले, नऊ बोटांनी.
ती उठेना. पायरीवर बसून नारळ चाळत राहिली,
विसांतला एक काढून पुढे सरकवला.
"हो वांज. आतां बरो हाडूंक जाय."
मामानं तो कानाशी हलवला.
पाणी नाही, खोबरं नाही.
"खबर आसा," म्हणाला, "दर खेपेक एक."

दोघंही हसली नाहीत. मी हसलो,
तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी कुणाचा तरी बांध फोडून आलो होतो.

वैशाखभर दुकान खरं चाललं.
कोयता विकताना मामा सांगे, याची मूठ सैल होते हां.
दोर वावेनं मोजी तो हात पुरते पसरून;
आधी डावं कोपर जरासं दुमडलेलं असे,
ते मला तेव्हा कळलं.
देवकूचे वीसच्या वीस नारळ खळखळ वाजत.
मामा एकेक कानाशी धरी
आणि दर वेळी त्याचं तोंड अधिकच उतरे.
ती मिरच्यांवरून हुज्जत न घालता
पैसे सुटे करून निघून जाई.
दुकानात माश्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

मग चवथीचा बाजार भरला.
मी कुडव उचलला, तो हाताला
जरासा जड लागला.
देवकूनं आत बोट घातलं नाही.
मामानं विसांतला एकच नारळ हलवला,
कोणता ते त्याला कसं कळलं कोण जाणे,
आणि मुकाट्यानं ढिगात टाकला.
त्यानंतर दोघं मिरच्यांवरून तासभर भांडली,
इतकी, की काइतान मेस्त खिळ्यांची मूठ घेऊन
बघायला दारात येऊन उभा राहिला.

पुढे सहा वर्षं मी त्या दुकानात होतो.
कुडव फक्त कोरड्या फडक्यानं पुसला.